घरी बांधलेल्या विमानातून बहामाजला जायचंय, बायको तयार आहे पण तिची एक अट आहे

गॅरेजातलं_विमान (जॉर्जिया)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. मी आणि बायको अटलांटाच्या जवळ राहतो. सात वर्षं गॅरेजमध्ये खपून व्हॅन्स कंपनीच्या किटमधून आरव्ही-७ए विमान बांधलं, मागच्या वर्षी उडालं, टेस्टिंगचे ४० तास झाले आणि आता एकूण १४० तास झालेत. १८० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन आहे, दोन सीट, शेजारी शेजारी. एप्रिलमध्ये लग्नाला २० वर्षं होतायत आणि मनात आहे की याच विमानातून बहामाजला जायचं, एक्झुमा बेटांमध्ये स्टॅनिएल की म्हणून जागा आहे, ती डुकरं पोहतात ना समुद्रात, ती तिथलीच. माझा प्लॅन असा की घरून फोर्ट पिअर्सपर्यंत, तिथे रात्री मुक्काम, सकाळी टाक्या फुल्ल करून सरळ स्टॅनिएल की, चार दिवस राहायचं आणि परत येताना सरळ जॉर्जियाला घरी.

प्रश्न दोन आहेत. पहिला कागदपत्रांचा. सर्टिफाइड सेसना घेऊन जाणाऱ्यांची माहिती खूप मिळते पण आपलं एक्सपेरिमेंटल, म्हणजे घरी बांधलेल्या विमानांच्या वर्गातलं आहे, आणि माझ्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये, म्हणजे विमानासोबत मिळालेल्या अटींच्या कागदात, स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या देशात न्यायचं तर त्या देशाची लेखी परवानगी पाहिजे. ती कुठून आणायची, किती दिवस लागतात?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. बायको मालवणची, लहानपणापासून समुद्रात पोहलेली, पाण्याची भीती तिला नाही. पण ती म्हणाली, "मी येते, पण मधे समुद्रावर इंजिन बंद पडलं तर मी नक्की काय करायचं ते मला आधी शिकव, नुसतं होईल सगळं नीट असं सांगू नकोस." आणि खरं सांगायचं तर मला तिला उत्तर देता आलं नाही. मी कागदांची फाइल बनवत बसलो होतो आणि याचा विचारच नीट केला नव्हता. जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

दर्यावरचा (टँपा)

अभिनंदन दादा, सात वर्षं टिकून विमान पूर्ण करणं सोपं नाही, अर्धवट राहिलेली कितीतरी किट मी बघितलीत. मी आरव्ही-६ घेऊन पाच वेळा गेलोय बहामाजला, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी परवानगीचं. होमबिल्टला जे एअरवर्दिनेस सर्टिफिकेट मिळतं ते आंतरराष्ट्रीय कराराच्या अटीत बसत नाही म्हणून प्रत्येक देशाची वेगळी परवानगी लागते, तुमच्या लिमिटेशन्समधलं वाक्य त्यामुळेच आहे. पण बहामाजने अमेरिकन नोंदणीच्या अमॅच्युअर-बिल्ट विमानांसाठी सरसकट मान्यतेचा एक ठरावीक कागद काढून ठेवलाय. तो डाउनलोड करायचा, त्यातल्या अटी नीट वाचायच्या, प्रिंट काढून विमानात ठेवायचा. अर्ज करून महिनोन्महिने वाट बघायचं काम नाही. याला घाबरू नका.

घाबरायचं ते लहान लहान गोष्टींना. तुमच्या शेपटीवर एन-नंबर, म्हणजे नोंदणीचा नंबर, किती मोठा आहे? बऱ्याच आरव्हींवर ३ इंचांची अक्षरं असतात, देशात उडायला ती चालतात. पण किनाऱ्याबाहेर जो एअर डिफेन्सचा पट्टा आहे, एडिझ म्हणतात तो, तो ओलांडायला १२ इंची अक्षरं लागतात. तात्पुरती चालतात, व्हिनाइलची कापून आणा आणि चिकटवा, परत आलात की काढा. मी पहिल्या वेळी आदल्या संध्याकाळी हँगरमध्ये निळ्या टेपने आकडे बनवत बसलो होतो, तसं करू नका, आधी करा.

रजिस्ट्रेशन कायमचं हवं, नवीन विमानाला जो तात्पुरता कागद मिळतो तो देशाबाहेर चालत नाही. रेडिओसाठी दोन वेगळी लायसन्स लागतात, एक विमानाचं आणि एक तुमचं स्वतःचं, दोन्ही एफसीसीकडून, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार खात्याकडून. देशात उडताना कोणी विचारत नाही म्हणून बहुतेकांकडे नसतात. तुमचं मेडिकल बेसिकमेड, म्हणजे साध्या डॉक्टरकडून होणारं सोपं, असेल तरी बहामाजमध्ये चालतं. इन्शुरन्सच्या पॉलिसीत कुठले देश येतात ते पान काढून स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. आणि कस्टम्सचं वर्षाचं स्टिकर ऑनलाइन मागवायचं असतं, ते पोस्टाने येतं, त्यामुळे लवकर मागवा.

मग ई-एपिस, म्हणजे कस्टम्सचा ऑनलाइन फॉर्म. जाताना एकदा आणि येताना एकदा, दोन्ही वेळा विमानातल्या माणसांची यादी भरायची, निघायच्या कमीत कमी ६० मिनिटं आधी गेलेली पाहिजे. येतानाचा फॉर्म अमेरिकेत असतानाच भरून ठेवा कारण बेटावर इंटरनेट मिळेलच असं नाही, आणि वेळ बदलली तर कस्टम्सला फोन करून कळवता येतं. या फॉर्मशिवाय आलात तर पहिल्याच वेळी ५००० डॉलरपर्यंत दंड आहे. शिवाय ई-एपिस भरला म्हणजे काम झालं असं नाही, जिथे उतरणार तिथल्या कस्टम्सला स्वतंत्र फोन करून उतरायची वेळ सांगून परवानगी घ्यावी लागते, ज्या ऑफिसरशी बोललात त्यांची आद्याक्षरं आणि वेळ लिहून ठेवा.

आता तुमच्या प्लॅनमधल्या दोन चुका. सरळ स्टॅनिएल कीला जाता येणार नाही, तिथे कस्टम्स नाही. आधी एखाद्या एंट्री पोर्टला उतरायला हवं, बिमिनी, फ्रीपोर्ट, नासाऊ, सॅन अँड्रोस, एक्झुमा इंटरनॅशनल वगैरे. आणि परत येताना सरळ जॉर्जियालाही जाता येणार नाही. दक्षिणेकडून येणाऱ्या खासगी विमानाला हद्द ओलांडली की जवळच्या ठरवून दिलेल्या एअरपोर्टलाच आधी उतरावं लागतं. फोर्ट पिअर्स त्या यादीत आहे, म्हणजे जाताना आणि येताना तेच ठेवा, ओळखीचं होतं आणि तिथले लोक या कामाला सरावलेले आहेत.

माझा पर्सनल सल्ला, पहिल्या वेळी एंट्रीसाठी नासाऊ टाळा. मोठं आहे, गर्दीचं आहे, हँडलिंगचे पैसे लागतात. मी बिमिनीला उतरतो, खाली उतरून पाय मोकळे करतो, कागद करतो आणि मग पुढे. त्यांच्याकडचे फॉर्म आता क्लिक-टू-क्लिअर नावाच्या पोर्टलवर आधी भरायचे असतात. फी बदलत असते, निघायच्या आधल्या आठवड्यात सरकारी पानावर बघा आणि सोबत रोख डॉलर ठेवा, बहामाजचा डॉलर आणि अमेरिकन डॉलर एकास एक चालतात.

पेट्रोलचं गणित. तुमच्या टाक्या ४२ गॅलनच्या. फोर्ट पिअर्स ते स्टॅनिएल की सरळ रेषेत साधारण २९० नॉटिकल मैल, म्हणजे जाऊन-येऊन ५८०, १६० नॉट्सने साडेतीन तासांच्या वर, तासाला साडेआठ गॅलन धरले तर ३१. कागदावर ११ गॅलन उरतात आणि माणसाला वाटतं की तिथे भरायलाच नको. पण बिमिनीचा वळसा धरा, दोन जादा टेकऑफ धरा, वाटेत ढग चुकवायला फिरलात ते धरा, मग ते ११ राहत नाहीत. ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) सगळ्या बेटांवर नसतो आणि जिथे असतो तिथेही कधी कधी संपलेला असतो, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. स्टॅनिएल कीपासून एक्झुमा इंटरनॅशनल ५० मैलांच्या आत आहे, तिथे भरा.

अजून एक, रात्रीचं व्हीएफआर, म्हणजे नजरेवर चालणारं, उड्डाण बहामाजमध्ये चालत नाही. सूर्यास्ताच्या आत चाकं जमिनीवर म्हणजे जमिनीवर. संध्याकाळी शेवटच्या क्षणी निघायचा मोह होतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

पाण्याबद्दल वेगळं लिहितो, जेवून येतो.

---

नाशिककर_७२

मी पायलट नाही, माझा मुलगा तिकडे असतो म्हणून हे वाचतो. तुम्हाला नाउमेद करायचं नाही पण वडीलकीच्या नात्याने विचारतो, एकच इंजिन, तेही स्वतः बसवलेलं, आणि खाली समुद्र. नासाऊला एअरलाइनची विमानं जातात ना? वहिनींनी प्रश्न विचारला तो अगदी बरोबर विचारला. विमान देशात जमिनीवरून चालवा, समुद्र मोठ्या विमानाने ओलांडा, असं मला वाटतं. राग मानू नका.

---

दर्यावरचा

राग कसला काका, हा प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे, आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं म्हणून देतो.

आरव्ही इंजिन बंद झाल्यावर दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं. उंचीच्या नऊ-दहा पट अंतर कापतं. पूर्वेकडे जाताना ९५०० फुटांवर गेलात तर १४-१५ नॉटिकल मैल मिळतात. मायामीचा किनारा ते बिमिनी साधारण ४५ मैल. म्हणजे पहिले १४-१५ मैल तुम्ही मागे फिरून फ्लोरिडाला पोचू शकता, शेवटचे १४-१५ मैल बिमिनी गाठू शकता, मधले राहतात १६ मैल. १६० नॉट्सने सहा मिनिटं. खरा धोका त्या सहा मिनिटांचा. वेस्ट पाम बीचकडून ग्रँड बहामाच्या वेस्ट एंडला गेलात तर पाणी ५५ मैलांच्या आसपास, मग तीच सहाची दहा मिनिटं होतात. यात वारा आला की थोडं इकडे तिकडे होतं, पण माणसाने आपल्या विमानाचं हे गणित स्वतः मांडावं, स्वतःच्या विमानात पॉवर काढून किती फूट किती मैलांत जातात ते बघून, पुस्तकातला आकडा घेऊन नाही.

आणि त्यासाठी किनारा सोडायच्या आधीच उंची घ्या. बरेच लोक पाण्यावर गेल्यावर चढत बसतात आणि ३००० फुटांवर निम्मा समुद्र ओलांडतात, ते मला पटत नाही. फोर्ट पिअर्सहून निघालात की किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला जात जात ९५०० करा, मग डावीकडे वळा. दहा मिनिटं जास्त जातील. बिमिनीच्या पुढे ग्रेट बहामा बँक लागते, तिथे पाणी बहुतेक ठिकाणी १० मीटरपेक्षा उथळ, वरून तळाची वाळू दिसते. पुढे अँड्रोस ओलांडलं की टंग ऑफ द ओशन म्हणून खोल दरी आहे, हिरवं पाणी एका रेषेवर एकदम काळंनिळं होतं, तो देखावा बघण्यासारखा आहे पण तिथेही उंचीवरच राहा.

स्वतः बसवलेल्या इंजिनाबद्दल काका म्हणाले त्यात तथ्य आहे. दादा, तुमचं इग्निशन, म्हणजे ठिणगी देणारी यंत्रणा, कुठलं? दोन्ही बाजूला इलेक्ट्रॉनिक असेल तर वीज गेली की इंजिन गेलं, मग बॅकअप बॅटरी आहे का, आणि ती शेवटची कधी तपासली? निघायच्या आधी तेल बदलून फिल्टर कापून बघा, पण एवढंही करू नका की आदल्या आठवड्यात दहा गोष्टी उघडून परत बसवल्या. जे काम करायचं ते महिनाभर आधी, आणि मग जमिनीवरून आठ-दहा तास उडवा. पाण्यावर गेलं की इंजिनाचा आवाज बदललाय असं प्रत्येकाला वाटतं, मला पाचव्या वेळीही वाटलं. तेव्हा हात कशालाही लावायचा नाही, गेज बघायचे.

एकदा मला मागून जोराचा वारा मिळाला आणि मी कस्टम्सला सांगितलेल्या वेळेच्या ४० मिनिटं आधी उतरलो. ऑफिसरने दंड केला नाही पण अर्धा तास उभं करून समजावलं, आणि त्यांचं बरोबर होतं. लवकर पोचत असाल तर वेग कमी करा किंवा रेडिओवरून कळवा.

---

उजवी_सीट (ह्यूस्टन)

मी पायलट नाही. नवऱ्याच्या आरव्ही-१० मध्ये उजवीकडे बसते, नऊ वर्षं झाली, बहामाज दोनदा. हा धागा वाचताना बरं वाटलं कारण तुमच्या बायकोने जो प्रश्न विचारला तो मी विचारायला तीन वर्षं लावली होती. म्हणून मी तिच्याशीच बोलते असं समजा.

अगं, पोहता येणं आणि विमानातून बाहेर पडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला ह्यूस्टनच्या एका पूलमध्ये कळलं. इथे समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरने जाणाऱ्या कामगारांना पाण्याखालून बाहेर पडायचं शिक्षण देतात, तसंच छोट्या विमानवाल्यांनाही मिळतं. एका सांगाड्यात खुर्चीवर बसवतात, पट्टे बांधतात, पाण्यात सोडतात आणि उलटं करतात. नाकात पाणी जातं, वर-खाली काही समजत नाही, हात सरळ पट्ट्याच्या बकलकडे जातो आणि तीच चूक. पट्टा आधी सोडलास तर शरीर तरंगायला लागतं आणि दरवाजा कुठे होता ते कळतच नाही. आधी एका हाताने कडेचं काहीतरी घट्ट धरायचं, तुमच्या विमानात कॅनोपीची, म्हणजे वरच्या काचेच्या झाकणाची, कड, ती सोडायची नाही. दुसऱ्या हाताने बाहेर जायची वाट उघडायची. वाट मोकळी आहे हे हाताने कळलं की मगच पट्टा, आणि धरलेल्या हाताच्या दिशेने स्वतःला ओढायचं. मी पहिल्यांदा गोंधळले, दुसऱ्यांदा जमलं, चौथ्यांदा डोळे मिटूनही जमलं.

तुमचं पुढे चाक असलेलं आरव्ही आहे, चाकं आत जात नाहीत, पाण्याला चाक टेकलं की विमान पालथं होण्याची शक्यता खूप आहे. टेकेल सावकाश आणि आपण उभं राहून बाहेर येऊ असं मनात धरूच नका, पालथं होणार असं धरूनच तयारी करा. तुमची कॅनोपी मागे सरकणारी आहे की पुढून उचलली जाणारी? दोन्हीचं उत्तर वेगळं आहे आणि ते तुम्ही हँगरमध्ये बसून ठरवायला पाहिजे. पालथ्या विमानात पाण्याच्या दाबाने कॅनोपी उघडलीच नाही तर काच फोडावी लागेल, त्यासाठी हातोडीसारखं टोकदार साधन लागतं, आणि ते दोघांनाही पट्टे बांधलेले असताना हाताला लागलं पाहिजे. आमचं माझ्या गुडघ्याजवळ दोरीने बांधलेलं असतं. काच आत्ताच एखाद्या जुन्या तुकड्यावर फोडून बघा, किती जोर लागतो ते कळतं.

लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसायचं. सीटच्या मागे ठेवलेलं जॅकेट नसल्यासारखंच. फुगवायचं मात्र बाहेर पडल्यावर, आत फुगवलं तर तेच तुला वर दाबून धरतं. राफ्ट (फुगवायचा तराफा) सामानाच्या वर ठेवायचा, खाली नाही, आणि तो घ्यायची जबाबदारी तुझी, कारण नवरा शेवटपर्यंत विमान चालवत असेल. हे वाटप बोलून ठेवा. आमच्याकडे दर वेळी किनारा सोडताना तो मला विचारतो आणि मी मोठ्याने सांगते, डावा हात कुठे, उजवा हात कुठे, राफ्ट कोण, हातोडी कुठे. अर्धं मिनिट लागतं. पहिल्यांदा अवघड वाटलं, आता निघताना देवाला नमस्कार करतो तसं ते आपोआप होतं.

सॅटेलाइटला कळवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा छोटा बीकन, पीएलबी, तो जॅकेटला लावलेला असू दे, पिशवीत नाही. विमानातला जुन्या प्रकारचा १२१.५ वाला ईएलटी, म्हणजे विमानाचा स्वतःचा बीकन, असेल तर २००९ पासून सॅटेलाइट तो ऐकत नाहीत. गल्फ स्ट्रीमचं पाणी कोमट असतं, थंडीने लगेच काही होत नाही, पण प्रवाह उत्तरेला जोरात वाहतो, जिथे पडलात तिथे तुम्ही राहत नाही. म्हणून बीकन. आणि त्या भागात बोटी पुष्कळ असतात, वरून जाताना मी बोटी बघत राहते, कुठली मोठी, कुठे चाललीये, म्हणजे वेळ आलीच तर कोणाच्या शेजारी उतरायचं ते माहीत असतं. मला काम मिळालं आणि भीती निम्मी झाली, हे खरं सांगते.

कागदांबद्दल एकच सांगते कारण आमचं फसलं होतं. लंडनहून भाचा आलेला, ब्रिटिश पासपोर्ट, ईएस्टावर, म्हणजे व्हिसाशिवाय. त्याला घेऊन जायचं ठरवलं आणि निघायच्या चार दिवस आधी कळलं की व्हिसा वेव्हरवर आलेला माणूस खासगी विमानातून अमेरिकेत परत येऊ शकत नाही, त्याला व्हिसा पाहिजे. त्याला एअरलाइनने यावं लागलं. तुमचं दोनच सीटचं आहे पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवते.

---

चारकोपचा_मुलगा (कॅलगरी)

मस्त चाललाय धागा. माझं लहानपण कांदिवलीच्या चारकोपमध्ये गेलं, तिथेच कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते बीकेसीला उभं होतं तेव्हा मी सुट्टीवर आलेलो आणि मुद्दाम बघायला गेलेलो. पुढे २०१७ ला डीजीसीएकडे नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी. ते बघूनच मी इकडे किट घेतलं.

माझा अनुभव उलट बाजूचा, कॅनडाच्या होमबिल्टला अमेरिकेत जायला पण असाच डाउनलोड करायचा परवानगीचा कागद असतो. त्यातल्या अटी मात्र खरंच वाचा, मी वाचल्या नव्हत्या, मित्राने वाचायला लावल्या.

एक विचारतो, वजनाचं काय? दोन माणसं, फुल्ल टाक्या, राफ्ट, सामान. दोन सीटच्या विमानात बसतं?

---

गॅरेजातलं_विमान

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. काल रात्री दोघांनी मिळून वाचलं. उजवी_सीट ताई, तुमची पोस्ट बायकोने दोनदा वाचली आणि मग मला म्हणाली चल हँगरवर. रविवारी सकाळी आम्ही दोघं कॅनोपी लावून, पट्टे बांधून, डोळे मिटून बसलो आणि मी तिला म्हटलं लॅच उघड. तिला सापडलं नाही. मग मी मिटले, मला सापडलं पण उजव्या हाताने, आणि पालथं झाल्यावर उजवा हात कुठे असेल त्याचा मी विचारच केला नव्हता. स्वतः बसवलेलं लॅच आहे ते, त्याचा प्रत्येक रिव्हेट मी मारलाय. आमची उचलली जाणारी कॅनोपी आहे, म्हणजे हवेत उघडून ठेवायचा पर्याय नाही. हातोडी मागवली, दोन, एक तिच्या बाजूला एक माझ्या. कॅनोपी कापताना उरलेला काचेचा तुकडा अजून गॅरेजमध्ये होता, दुसरी हातोडी आली की तो फोडून बघणार.

काका, तुमचा राग अजिबात आला नाही. तुमचं वाचूनच मी पॉवर काढून अंतर मोजायला गेलो शनिवारी. ८००० वरून ३००० पर्यंत तीनदा. माझं विमान नऊ पटीच्याही खाली जातंय, साडेआठच्या आसपास, प्रोपेलर फिरत राहतो त्याने. म्हणजे ९५०० वरून १३ मैल. मधली सहा मिनिटं नाहीत, सात. हे आधी कळलं ते बरं झालं.

चारकोपच्या दादा, वजन: रिकामं विमान ११०५ पौंड, मर्यादा १८००. फुल्ल पेट्रोल २५२, आम्ही दोघं ३२० कपड्यांसकट. उरतात १२३, त्यातून राफ्ट, जॅकेटं, हातोड्या, पाण्याच्या बाटल्या, टायरची एक जादा ट्यूब आणि थोडी हत्यारं असे ४० गेले, बांधायचे दोर आणि कॅनोपीचं कव्हर अजून पाच-सात. राहिले पंचाहत्तरच्या आसपास कपड्यांना. बसतं, पण सामानाच्या कप्प्याची १०० ची मर्यादा आणि मागे गेलेलं सीजी, म्हणजे वजनाचा मध्य, दोन्ही बघावं लागतंय, पेट्रोल संपत आलेलं असतानाचं सीजी काढलं तेव्हा काट्यावर येतंय. एक बॅग कमी करणार.

इग्निशन एका बाजूला मॅग्नेटो, म्हणजे स्वतःची वीज स्वतः बनवणारं, आहे, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे वीज गेली तरी इंजिन चालेल. अक्षरं माझी ३ इंचीच होती, १२ इंचांची व्हिनाइल मागवली. एफसीसीची दोन्ही लायसन्स भरली. दर्यावरचा दादा, फ्लाइट प्लॅनबद्दल एक राहिलं, जाताना तो कोण बंद करतं?

---

दर्यावरचा

तुम्हीच. तिकडे बहुतेक बेटांवर टॉवर नाही, आपोआप काही बंद होत नाही. उतरायच्या आधी रेडिओवरून किंवा उतरल्यावर फोन करून बंद करा, नाहीतर तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर बसलेले आणि इकडे तुमचा शोध सुरू व्हायचा. आणि परत येताना उलट, प्लॅन नुसता भरून चालत नाही, तो चालू झालेला असला पाहिजे, एडिझ ओलांडायच्या आधी रेडिओवर संपर्क आणि तुमचा स्वतंत्र ट्रान्सपाँडर कोड, म्हणजे रडारवर तुम्हाला ओळखायचा नंबर, हातात हवा. खालच्या उंचीवर बेटांमध्ये रेडिओ पोचत नाही, वर चढल्यावर मिळतो, घाबरायचं नाही. फ्लाइट प्लॅनच्या आयसीएओ फॉर्ममध्ये जॅकेट आणि राफ्टचे रकाने असतात ते नीट भरा, राफ्टचा रंगसुद्धा विचारतात, शोधणारा विमानातून तोच रंग बघत असतो.

एप्रिल छान निवडलात. हिवाळ्यातले फ्रंट कमी झालेले असतात आणि उन्हाळ्यातले दुपारचे गडगडाटी ढग अजून सुरू झालेले नसतात. तरी सकाळीच निघा. धुरकट हवा असेल तर पाणी आणि आकाश एक होतं, क्षितिज दिसतच नाही, त्या दिवशी व्हीएफआरवाल्याने जाऊ नये, हॉटेलचे पैसे गेले तर गेले. परत आल्यावर पहिलं काम विमान गोड्या पाण्याने धुणं, ॲल्युमिनियमला खारी हवा लागलेली असते.

सीजी काट्यावर आहे तर एक बॅग नाही, दोन कमी करा. तिथे टी-शर्ट मिळतात.

---

नाशिककर_७२

साडेआठ मोजून आलात हे वाचून माझं मन बरंच हलकं झालं. वहिनींना माझा नमस्कार सांगा. परत आलात की इथे दोन ओळी टाका, मी वाट बघतो.

---

गॅरेजातलं_विमान

काका, नक्की टाकतो. प्लॅन बदललाय. चार दिवसांचं स्टॅनिएल की लगेच नाही. मार्चच्या शेवटी एक दिवस फक्त बिमिनी, सकाळी जायचं, जेवायचं, दुपारी परत फोर्ट पिअर्स. कागद, कस्टम्स, कोड, सगळं एकदा त्या छोट्या फेरीत करून बघायचं. ते नीट झालं तर एप्रिलमध्ये मोठी फेरी. बायकोचीच कल्पना.

आणि ताई, तुम्ही म्हणालात तसं शिक्षण आमच्या जवळ मिळालं नाही पण दोन राज्यं पलीकडे एक जागा सापडली, येत्या शनिवारचं दोघांचं बुकिंग केलंय. ती मला म्हणाली की पहिली खुर्ची तिची.

---

उजवी_सीट

तिला सांग नाकाला लावायची क्लिप देतात, ती पहिल्या वेळी घेऊ नको. खऱ्या वेळी नसणारे.